सरळ केलेले फोटो

नईमला वाकडं खपत नसे. हॉटेलात चहाला बसला तरी आधी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर नीट करणार आणि मगच कपाला हात लावणार. लग्नात नवरदेवाचा फेटा जरा कलला की हा स्टेजवर चढून स्वतः सरळ करायचा आणि वरमायांची बोलणी खायचा. सोलापूरच्या बेगम पेठेतल्या त्याच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटोला बसणाऱ्या माणसाची मान इतका वेळ धरून ठेवली जायची, की काहीजण उठताना मान चोळत उठत.

हे सगळं बापाकडून आलं होतं. इलाहीबक्ष गवंडी होते. त्यांच्या पिशवीत थापी, रंधा आणि एक पितळी ओळंबा असायचा. दोरीला टांगलेला जड लट्टू, बस एवढंच ते हत्यार. भिंत चढत असली की म्हातारा वरून दोरी सोडायचा, लट्टू डोलायचा थांबेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि मग हाताखालच्या माणसाला म्हणायचा, "डोळ्यावर जाऊ नको. ओळंबा लाव." नईमने थापी हातात धरली नाही, कॅमेरा धरला. बापाने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही, पण फोटो दाखवला की लोकांकडे बघण्याआधी मागच्या भिंतीकडे बघायचे.

मोबाइल आले आणि पासपोर्ट फोटोचा धंदा बसला. तेव्हा नईम इमारतींच्या फोटोंकडे वळला आणि त्यात त्याचं नाव झालं. झालं ते उगीच नाही. उंच इमारतीचा फोटो काढणं दिसतं तेवढं सोपं नसतं. रस्त्यावर उभं राहून कॅमेरा वर केला, की इमारत वरवर निमुळती होत जाते, दोन्ही कडा एकमेकींकडे झुकतात आणि अकरा मजले आता मागे पडणार असं वाटायला लागतं. बिल्डरला असला फोटो दाखवून बघा, तो तुम्हाला चहासुद्धा पाजणार नाही.

नईम लांब जायचा. समोरच्या एखाद्या गच्चीवर चढायचा, म्हणजे मान वर करावी लागत नाही. तिपाई पातळीत आहे हे बघायला तिच्यावरच्या काचनळीतला बुडबुडा बरोबर मध्ये आणायचा. पुढे लिंबाची एखादी फांदी धरायची, म्हणजे कचऱ्याचा ढीग झाकला जातो. चारी बाजूंनी जागा मोकळी सोडायची, कारण एवढं करूनही कडा थोड्या झुकतातच आणि त्या कॉम्प्युटरवर ओढून सरळ करताना फोटोचे काठ कापले जातात. पडद्यावर उभ्या-आडव्या रेघांची जाळी आणायची आणि इमारतीची कड उभ्या रेघेला चिकटेपर्यंत ओढत राहायचं. चिकटली की त्याला जेवल्यासारखं समाधान व्हायचं. वाकडा फोटो मात्र तो ठेवत नसे. सरळ झाला की मूळचा पुसून टाकायचा. डिस्कवर जागा नसते हे एक कारण, पण खरं कारण निराळं होतं. आपल्या हातून निघालेलं वाकडं काही जगात उरू नये असं त्याला वाटायचं. हा त्याचा माज होता, आणि तो त्याला फार महागात पडायचा होता.

जुळे सोलापुरात कुंडलिकशेठनी 'मेघशिखर' बांधायला घेतली. काळ्या मातीचं रान होतं, तिथे अकरा मजले. दर महिन्याच्या एक तारखेला एक फोटो, तोही एकाच जागेवरून, असं काम नईमकडे आलं. समोरच्या बंगल्याच्या गच्चीवर त्याने खडूने तीन फुल्या मारल्या, तिपाईच्या तीन पायांसाठी. साइटवरचा वॉचमन कोंडीबा मंगळवेढ्याकडचा. तो खालून ओरडायचा, "नईमभाई, आजबी तितंच का? जरा जागा बदला की! बिल्डिंग काय पळून चालली न्हाय!"

पहिले आठ-नऊ मजले काही अडलं नाही. दोन्ही कडा सारख्याच ओढाव्या लागत. शेवटच्या सहा महिन्यांत मात्र डावी कड जास्त ओढावी लागू लागली आणि उजवी जवळजवळ नाहीच. नईमने तिपाई तपासली. बुडबुडा मध्येच होता. त्याने फुल्या पुसून नव्या मारल्या, लेन्स साफ केली, मग ओळखीच्या माणसाची लेन्स मागून आणली. तरी तेच. शेवटी कॅमेरा जुना झाला असं त्याने ठरवलं आणि डावी कड ओढत राहिला. सरळ करण्याची एवढी सवय, की सरळ का करावं लागतंय हे विचारायला त्याला उसंत मिळाली नाही.

त्यात एक खांब आडवा आला. इमारतीच्या बाजूला विजेचा खांब होता आणि तो फोटोत यायचा. इमारत जाळीला चिकटली की खांब तिरका व्हायचा. खांब सरळ करावा तर इमारत तिरकी. नईमने दोन-तीन वेळा डोकं खाजवलं आणि मग मनाशी म्हणाला, सोलापुरातला कुठला खांब सरळ असतो? त्याने चौकट जरा डावीकडे सरकवली आणि खांब बाहेर घालवला. मागच्या फोटोंतूनही कापला, म्हणजे सगळे एकसारखे दिसतील. फोटो उलट जास्त देखणा झाला.

"लई झकास काढलाव," कुंडलिकशेठ म्हणाले. "पोरीच्या लग्नात बी असला फोटो निघाला न्हवता."

ताबा द्यायच्या दिवशीचा फोटो मोठा करून सात रस्ता चौकात लागला. निळं आभाळ, पुढे लिंबाची फांदी, आणि मध्ये काटकोनात उभी मेघशिखर. तो फोटो रुक्सानाआपाने रिक्षातून बघितला.

रुक्सानाआपा नईमची थोरली बहीण. तीस वर्षं उर्दू शाळेत मुलांना मराठी आणि गणित शिकवून निवृत्त झालेली आणि नवऱ्याच्या मागे एकटी. भावंडं आपसात दखनीत बोलत, पण आपाचं काही बिनसलं की ती मराठीवर यायची. शाळेत पोरांना रागवायची ती मराठीतच, त्यामुळे तिचा राग त्या भाषेत बसला होता. नवव्या मजल्यावरचा एक फ्लॅट उरला होता. तिने आयुष्यभराची पुंजी त्यात घातली. नईम म्हणाला, जरा थांब, अजून दोन-चार ठिकाणी बघू. ती हसून म्हणाली, "तेरा फोटू देख को लेरी रे मैं. और क्या देखना?"

नव्या घरात तिने पहिली वस्तू लावली ती अब्बांचा फोटो. अब्बा बांधकामाच्या पायाडावर उभे, हातात ओळंबा. नईमनेच काढलेला. बैठकीच्या दाराशेजारी, एका खिळ्यावर.

वर्षभर बरं गेलं. मग आपा फोनवर बारीकसारीक तक्रारी करू लागली. तव्यावर तेल टाकलं की एकाच बाजूला जातं. न्हाणीघराचं पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे येतं. कपाटाचं दार आपोआप उघडतं. तिने शेगडीच्या एका पायाखाली पुठ्ठा घातला, कपाटाखाली पाटीचा तुकडा. शेजारच्या शिवलीलाताईंनीही घातला होता. एकमेकींना सांगून सगळ्या बिल्डिंगने आपापली घरं पुठ्ठ्यांवर सरळ करून घेतली होती आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

एका रविवारी नईम जेवायला गेला. कडक भाकरी, शेंगाची चटणी, ताट अजून पुढे यायचं होतं.

"अब्बा का फोटू फिर टेडा हो गया देख," आपा म्हणाली. "रोज सीधा करती, रोज टेडा होता. खिला बदल रे जरा."

नईमने बघितलं. खरंच, दाराच्या चौकटीशी फोटोची कड जुळत नव्हती. वर जवळ आणि खाली लांब. त्याने बोटाने तळ सरकवून जुळवला आणि हात काढला. फोटो हळूच परत आपल्या जागी गेला. त्याने पुन्हा जुळवला, पुन्हा तो गेला. तिसऱ्यांदा नईमचा हात तिथेच थांबला. एका खिळ्यावर टांगलेली वस्तू वाकडी होईलच कशी? ती आपल्या वजनाने लोंबते. तिला कुणी शिकवावं लागत नाही.

"आपा, अब्बा की थैली किदर है?"

पिशवी माळ्यावर होती. त्याने ओळंबा काढला आणि दोरी फोटोच्या वरच्या कोपऱ्यावर धरली. लट्टू डोलायचा थांबला तेव्हा दोरी फोटोच्या कडेला वरपासून खालपर्यंत चिकटली होती. मग त्याने तीच दोरी दाराच्या चौकटीवरून सोडली. वर चिकटलेली दोरी तळाशी चौकटीपासून चांगली बोटाच्या जाडीइतकी लांब होती, दक्षिणेकडे. एका दारात बोटभर. अकरा मजल्यांना किती, हा हिशेब त्याने मनात केला. फूटभर तरी होत होतं.

दक्षिण म्हणजे गच्चीवरून बघताना उजवीकडे. इमारत उजवीकडे कलली, की डावी कड जास्त ओढावी लागणार. आणि खांब सरळच होता.

त्याने ओळंबा गुंडाळून पिशवीत ठेवला. पण त्या दिवशी तो आपाला काही बोलला नाही, आणि याबद्दल पुढे त्याला स्वतःची लाज वाटली.

बोलायची वेळ मात्र टळली नाही. सोसायटीने इंजिनिअर आणून माप घेतलं. इमारत कललेली आहे, हे कुंडलिकशेठनीही नाकारलं नाही. त्यांचं म्हणणं दुसरंच होतं. "मी ताबा दिला तवा बिल्डिंग सरळ होती. नंतर तुमी दक्षिणेच्या कोपऱ्याला बोअर मारलाव. माती तुमी हलवलाव, मी न्हाय." बोअर मारली होती हे खरं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, माणसं काय करणार? आणि ताब्याच्या आधी इमारत सरळ होती याला पुरावा काय, तर शेठनी एक जाडजूड अल्बम काढला. दर महिन्याच्या एक तारखेचा फोटो, सगळे एका जागेवरून काढलेले, सगळे काटकोनात. बेगम पेठेच्या नईमचं काम, ज्याला वाकडं खपत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक.

कचेरीत चौकशी लागली. इमारत आधीपासून कलत होती असं ठरलं तर पाया सावरायचा खर्च शेठवर. बोअरमुळे कलली असं ठरलं तर सगळा भार राहणाऱ्यांवर, आणि तोवर घर विकायचं म्हटलं तरी घेणार कोण? आपाकडे आता घालायला काही उरलं नव्हतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी नईम नवव्या मजल्यावर गेला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. डावी कड, बुडबुडा, खांब, काहीच ठेवलं नाही. आपा ऐकत राहिली. तांदूळ निवडत होती, तो हात थांबला.

"म्हणजे तुला दिसलं होतं," ती म्हणाली. मराठीत.

"दिसलं होतं. मला वाटलं कॅमेऱ्याची चूक आहे."

"सहा महिने?"

"सहा महिने."

"आणि मूळचे फोटो?"

"पुसले. नेहमी पुसतो तसे."

दोन रात्री जागून त्याने जुन्या डिस्क, कार्डं, पेनड्राइव्ह सगळं उपसलं होतं. कुणाकुणाची लग्नं सापडली, अक्कलकोटचं एक बारसं सापडलं, मेघशिखर मात्र जिथे सापडली तिथे सरळच. आपाने ताट बाजूला ठेवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "वर्गात पोरं बेरीज चुकवायची आणि उत्तर मात्र बरोबर आणायची," ती म्हणाली. "मी म्हणायचे, खाडाखोड दिसू दे. खाडाखोड असली म्हणजे कुठे चुकलं ते कळतं." मग तिने पुन्हा तांदूळ घेतले. "उद्या खरं सांग. बाकी अल्ला मालिक."

शिवयोगी साहेब चौकशीला होते. सरळमार्गी माणूस होता, हेही सांगितलं पाहिजे. साहेब विकला गेलेला असता तर नईमला निदान शिव्या द्यायला कुणीतरी मिळालं असतं. तिथे तेही नव्हतं. साहेबांनी अल्बम शेवटपर्यंत चाळला, चष्मा पुसला आणि विचारलं, "हे फोटो तुमचे?"

"माझेच. पण साहेब, मी ते सरळ केलेत. इमारत कललेली होती आणि मी कॉम्प्युटरवर सरळ केली. ताबा द्यायच्या आधी सहा महिने डावी कड जास्त ओढावी लागत होती."

खोलीत कुजबुज झाली. शिवलीलाताईंनी आपाचा हात धरला. त्या क्षणी नईमला वाटलं, झालं, सुटलो.

शेठचा इंजिनिअर उठला. तरुण होता, नम्र होता. "सर, उंच इमारतीचा फोटो सगळेच फोटोग्राफर सरळ करतात. न केलेला फोटो वाकडाच येतो. हे नईमभाईंनीच मला साइटवर समजावून सांगितलं होतं. मग सरळ केला यावरून इमारत वाकडी होती, असं कसं ठरतं?"

"मूळचे फोटो आहेत?" साहेबांनी विचारलं.

"नाहीत."

"कुठली कड किती ओढली, याची काही नोंद?"

"नाही साहेब. हाताला आठवतंय."

साहेबांनी लिहायचं थांबवलं. पुन्हा एकदा अल्बम जवळ ओढला. खरंच काही सापडावं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "फोटोत इमारतीच्या बाजूला दुसरं काही उभं आहे का? झाड नको, झाडं वाकडी असतात. एखादी भिंत, एखादा खांब? इमारत सरळ केली असेल तर तो उलट्या बाजूला कललेला दिसेल. तेवढ्यावरही काही सांगता येईल."

"खांब होता," नईम म्हणाला.

"कुठे आहे?"

"मी काढून टाकला. वाकडा दिसत होता म्हणून."

कुणी हसलं नाही. कोंडीबा दाराशी उभा होता, त्याला राहवलं नाही. "व्हय साहेब, खांब हुता तितं. म्या रोज त्याला सायकल लावायचो. लई सरळ हुता. ट्रान्सफॉर्मर बसवताना उपटला, आता न्हाय." साहेबांनी तेही लिहून घेतलं. पण वॉचमनची सायकल म्हणजे माप नव्हे, हे त्यांनाही कळत होतं आणि कोंडीबालाही.

नईमने शेवटचा प्रयत्न केला. गेल्या आठवड्यात त्याच गच्चीवरून, त्याच जागी नव्या फुल्या मारून तिपाई लावून, समोर ओळंबा टांगून त्याने नवा फोटो काढला होता. काहीही न ओढता. तो त्याने टेबलावर ठेवला. दोरी सरळ आणि मागे मेघशिखर कललेली, लहान मुलालाही दिसावी अशी.

"हा आजचा आहे," साहेब सावकाश म्हणाले. "आज कललीय हे सगळ्यांना मान्य आहे. प्रश्न तेव्हाचा आहे. आणि तेव्हाचं तुम्ही काही ठेवलेलं नाही." त्यांनी फोटो परत दिला. "नईमभाई, मला तुमचं खरं वाटतंय. पण माझं वाटणं निकालात लिहिता येत नाही. तुम्हीच म्हणता की तुम्ही फोटो बदलता. मग मी तुमचा कुठला फोटो धरू?"

पंधरा दिवसांनी निकाल आला. ताब्याच्या आधी इमारत कलल्याचा पुरावा नाही. शेठनी अल्बम परत नेला आणि नईमला एक शब्दही वाईट बोलले नाहीत. उलट निरोप पाठवला की पुढच्या बिल्डिंगचं काम आहे, सवडीने या. तो निरोप ऐकून नईमला जेवढं मेल्याहून मेल्यासारखं झालं, तेवढं चौकशीतही झालं नव्हतं.

इमारत पडणार नाही, असं सोसायटीचा इंजिनिअर म्हणाला. निदान लगेच नाही. दर तीन महिन्यांनी माप घ्यायचं, एवढंच ठरलं. ज्यांना दुसरीकडे जाता येत होतं ते कुलूप लावून गेले. शिवलीलाताई मुलाकडे पुण्याला गेल्या. नवव्या मजल्यावर आपा एकटी राहिली. बेगम पेठेत माझ्याकडे चल, म्हणून नईम हातापाया पडला. स्टुडिओच्या मागची एक खोली, त्यात हा, याची बायको आणि दोन पोरी. आपा एकदा येऊन बघून गेली आणि पुन्हा त्याबद्दल काही बोलली नाही.

त्यानंतरच्या रविवारी तिने बोलावलं. टेबलावर हातोडी काढून ठेवली होती, शेजारी एक खिळा.

"अब्बांच्या फोटोला खाली एक खिळा मार," ती म्हणाली. "चौकटीशी जुळव आणि पक्का कर. हलायला नको."

ती मराठीत बोलत होती, पण आवाजात राग नव्हता. नईमला वाटलं तिच्या लक्षात आलेलं नाही.

"आपा, फोटो सरळच आहे. या घरात तेवढी एकच वस्तू सरळ आहे."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"मग काय? मला इथेच राहायचंय ना?" ती खुर्चीवर बसली. "सकाळी उठले की पहिली नजर तिकडे जाते. अब्बा रोज सांगतात, घर कललंय, घर कललंय. मी काय करू ऐकून? मला पाया उचलता येत नाही. शेगडीखाली पुठ्ठा घातला तसं समज. घरासारखे दिसू देत तेही."

नईमच्या मनात पुष्कळ आलं. नको म्हणावं, हातोडी फेकून द्यावी, तिच्या पायावर डोकं ठेवावं. यातलं काहीच त्याने केलं नाही, कारण त्यातल्या कशाने ती भिंत केसभरही हलली नसती. त्याने खिळा उचलला. एका हाताने फोटोचा तळ उत्तरेकडे सरकवला, कड चौकटीशी जुळेपर्यंत. हाताला सवय होती. अब्बा पायाडावर उभे होते, त्यांच्या हातातली ओळंब्याची दोरीही त्यांच्याबरोबर कलली. नईमने तीन ठोके मारले आणि हात काढला. फोटो जागचा हलला नाही.

तो दोन पावलं मागे सरकला. एक डोळा मिटून त्याने बघितलं, आयुष्यभर बघत आला होता तसं.

"दिसतोय का वाकडा?" आपाने विचारलं.

"नाही," नईम म्हणाला. "आता नाही दिसत."